अजून ठिबकतंय

गेल्या श्रावणात आईचा हात पाण्यात घालून मोजला. टेपनं तो आधीच मोजून झाला होता. मनगटापासून वर दर चार सेंटिमीटरवर शाईचा ठिपका, प्रत्येक ठिपक्यावर घेर, आणि त्या सगळ्या घेरांचा हिशोब कागदावर. पण टेपला पंजा मोजता येत नाही. बोटं, बोटांमधल्या खाचा, तळहाताची उशी, यांना घेर कुठला घ्यायचा? म्हणून फिजिओथेरपीच्या त्या मुलीनं कोपऱ्यातून ॲक्रिलिकची एक उंच, अरुंद टाकी ओढून आणली. वरच्या काठाच्या खाली बोटभर अंतरावर तिला एक नळी होती, खाली वाकलेली. तिनं कोमट पाणी ओतलं, नळीतून जादाचं पाणी धारेनं गेलं, मग धार तुटली, मग थेंब थेंब, आणि शेवटचा थेंब नळीच्या तोंडाशी लोंबकळत राहिला. ती म्हणाली, "काकू, हा थेंब पडायचा थांबला की मगच हात घालायचा. घाई करायची नाही."

आधी उजवा हात. मग डावा, ऑपरेशनच्या बाजूचा. बोटांची टोकं आत गेली, मग पंजा, मग मनगट. काचेआड हात एकदम मोठा दिसायला लागला, नखांवरच्या उभ्या रेषासुद्धा दिसत होत्या. दंडावरच्या निळ्या खुणेला पाणी टेकलं तशी ती मुलगी म्हणाली, "बास. आता हलू नका." नळीतून पाणी खालच्या भांड्यात पडत होतं. आम्ही दोघी त्या पाण्याकडे बघत होतो. धार, मग थेंब, मग शांत. मुलीनं खाली वाकून, डोळा पाण्याच्या रेषेला लावून आकडा वाचला. उजव्या हाताचं १९१० मिलिलिटर आलं होतं, डाव्याचं २२२५. "फरक ३१५," तिनं लिहून घेतलं. दोन्ही हातांत २०० मिलिलिटरहून किंवा दहा टक्क्यांहून जास्त फरक आला की तिची मंडळी ती सूज पक्की धरतात, असं तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाली, "झालं काकू. काढा हात बाहेर."

आई म्हणाली, "जरा ऱ्हाऊ दे की आत."

एवढंच. बाहेर दोन पेशंट थांबले होते, मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आई, चल, त्यांना पुढचं आहे." तिनं हात काढला. मुलीनं टॉवेलनं बोटांच्या मधली जागासुद्धा टिपून कोरडी केली. गाडीत बसेपर्यंत मी ते वाक्य विसरले होते. रात्री पुन्हा आठवलं आणि नंतर कित्येक दिवस ते जाईना. माझी आई कुणाकडे काही मागत नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तिनं पाणी मागितलं नव्हतं, मीच विचारलं होतं. मग त्या टाकीत असं काय होतं?

३१५ हा आकडा मी तिच्यापासून लपवणार होते. तिनं गाडीत स्वतःच काढला. "पाव लिटरच्या वर हाय की गं. पाव लिटर आन् वर अर्धा कप." तिला फसवणं शक्यच नव्हतं. जन्मभर तिनं मापं हाताळली आहेत. आमच्या घरी दोन म्हशी असायच्या, कधी तीन. सकाळी चार घरचं रतीब आणि उरलेलं दूध गावातल्या संस्थेत. ॲल्युमिनियमची, लांब दांड्याची मापं खुंटीला टांगलेली असत, लिटर, अर्धा, पाव आणि शंभरचं चिमुकलं. ती न बघता धार अशी सोडायची की फेस वर येऊन बरोबर काठाला थांबायचा. धान्याची मापं तर त्याहून जुनी. चिपटं, मापटं, शेर, पायली. माझ्या आजीला किलो कधी नीट कळला नाही. चार शेराची पायली, आणि देताना शीग लावून द्यायची, घेताना मात्र काठावरून हात फिरवून सपाट घेतली तरी चालेल, हा तिचा नियम. आईनं तो दुधाला लावला. फेस खाली बसला की ती वरून पुन्हा एक चिळकांडी घालायची.

संस्थेत दुधाची तपासणी व्हायची तेव्हा मी किटलीला धरून उभी असायचे. फॅट आणि डिग्री. फॅटचं यंत्र आत असायचं, ते काय करायचं ते दिसत नसे. पण डिग्री डोळ्यांसमोर लागायची. दुधाच्या नळकांड्यात काचेची एक पोटाळ नळी सोडायची, ती दोनचार हेलकावे खाऊन उभी राहायची. दूध दाट असलं की उंच उभी, पाणी घातलेलं असलं की खोल जायची. किती खोल जायचं हे नळीला कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. सचिव म्हणाले, "ती आपल्या वजनाइतकं दूध बाजूला सारते, बाळ. पातळ दूध जास्त सारावं लागतं, म्हणून जास्त बुडते." त्या वयात मला हे नीट कळलं नाही, पण 'बाजूला सारते' हे शब्द लक्षात राहिले.

आणि लोणी. आमच्याकडे तराजू नव्हता. गावातली एक बाई आईकडून लोणी न्यायची, तेही अर्ध्या किलोच्या हिशेबानं. आई मोठं दोन लिटरचं माप घ्यायची, त्यात दीड लिटर पाणी मोजून ओतायची आणि लोण्याचे गोळे एकेक करून त्यात तरंगत सोडायची. पाणी काठाला आलं की झालं अर्धा किलो. मी सहावी-सातवीत असताना मोठ्या शहाणपणानं तिला सांगितलं होतं की हे चूक आहे, लोणी हलकं असतं, पाण्याचं अर्धा लिटर आणि लोण्याचं अर्धा किलो एक कसं होईल. ती म्हणाली, "वाण्याच्या काट्यावर टाकून बघ जा." मी बघितलं. बरोबर होतं. कित्येक वर्षांनी कळलं की ते का बरोबर होतं. बुडणारी वस्तू आपल्या आकारमानाइतकं पाणी सारते, पण तरंगणारी आपल्या वजनाइतकं. लोण्याचा तुकडा पाण्याबाहेर थोडं डोकं काढून राहतो, तेवढंच हलकेपण हिशोबातून आपोआप वजा होतं. बोटानं दाबून लोणी बुडवलं असतं तर माप चुकलं असतं. ती कधीच दाबायची नाही. तिला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं.

शाळेत मात्र आम्हाला बुडणाऱ्या वस्तूच दिल्या गेल्या. 'अनियमित आकाराच्या वस्तूचे आकारमान काढणे.' अख्ख्या वर्गात काचेचं मोजपात्र एकच, आणि ते फुटलं तर काय, या धास्तीनं बाई स्वतःच ते धरून उभ्या. मी पंचगंगेच्या घाटावरचा एक काळा गोटा नेला होता. दोरीला बांधून सोडला तेव्हा त्याला लागून बारीक बुडबुडे वर आले. बाईंनी दोरी हळूच झटकायला सांगितली, कारण बुडबुडासुद्धा पाणी सारतो आणि तो तर दगड नाही. पाणी ४० वरून ५७ वर गेलं. १७ मिलिलिटर. वजन ४९ ग्रॅम. भागाकार २.९ च्या जवळ आला तेव्हा बाई म्हणाल्या, हा आपला काळा पाषाण, सह्याद्री याचाच. एवढ्याशा आकड्यात सह्याद्री आला याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. पाण्याच्या पातळीला डोळा लावला की कडेला पाणी काचेवर किंचित चढलेलं दिसतं आणि मध्ये खोलगट. वाचायचं ते खोलगटाच्या तळाशी. फिजिओथेरपीची ती मुलगी वाकली तेव्हा मला बाईंचं वाकणं आठवलं. तीच मान, तसाच अर्धवट मिटलेला एक डोळा.

पण हाताच्या आधी पाटलीची गोष्ट सांगायला हवी.

सूज एका दिवसात आली नाही. काखेतल्या गाठी काढल्या की हातातून वर जाणाऱ्या लसिकेचा, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या रसाचा, रस्ताच अडू शकतो, आणि मग ते पाणी हळूहळू कातडीखाली साठत जातं. पहिल्यांदा ब्लाउजची बाही दंडावर वळ उठवायला लागली. मग अंगठी सुटेना. मग एके दिवशी भाकरी थापताना तिनं डावी पाटली वर सरकवायला घेतली आणि ती हललीच नाही. साबण लावून झाला, तेल लावून झालं, हात वर धरून अर्धा तास बसणं झालं. पाटलीच्या दोन्ही बाजूंना कातडी उशीसारखी वर आली होती. ही पाटली आजीच्या हातातली, लग्नात आईच्या हातात आलेली. चाळीस वर्षांत ती फक्त बाळंतपणात आणि ऑपरेशनच्या दिवशी निघाली होती. शेवटी आम्ही गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात गेलो, आमच्या नेहमीच्या सोनारांकडे. म्हातारे सोनार स्वतः उठले. त्यांनी पाटली आणि कातडी यांच्या मधून पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, तेवढ्यानंही आईनं डोळे मिटले, आणि बारीक करवतीनं पाटली कापली. करवतीचा आवाज अगदी बारीक होता, रातकिड्यासारखा. सोन्याचा पिवळा भुगा पट्टीवर पडला, तो त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून आईच्या हातात दिला. मनगटावर पाटलीच्या जागी पांढरट खाच राहिली होती.

मग त्यांनी न सांगता एक गोष्ट केली. पाटली काट्यावर ठेवली, २२.८० ग्रॅम. जुन्या हिशोबाची दोन तोळ्यांची, म्हणजे मुळात २३.३ च्या आसपास असणार. बाकीचं चाळीस वर्षांच्या धुण्याभांड्यांत झिजून गेलं. मग त्यांनी तीच पाटली दोऱ्याला टांगली आणि पाण्याच्या पेल्यात, तळाला-कडेला न टेकता, बुडवून पुन्हा तोलली. २१.५१. "१.२९ चा फरक," ते म्हणाले, "भागा. साडेसतराच्या वर येतंय. चोख बावीस कॅरेटचं काम आहे. आत काही भरलेलं नाही." सोनं तपासायचं मशीन असूनही हे का, असं विचारलं तर म्हणाले की मशीन वरचा थर बघतं, पाणी आतपर्यंत जाऊन येतं. पाणी आत जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी मला त्यांचं म्हणणं पटलं. शेजारच्या काचेत बोरमाळ होती. लाखेवर सोन्याचा पातळ पत्रा चढवलेले टपोरे मणी. दिसायला पाटलीच्या कितीतरी पट, आणि पाण्यातही कितीतरी पट जागा घेतील, पण सोनं मूठभर आकाराला चिमूटभर.

हे सगळं ज्याच्या नावावर आहे त्या आर्किमिडीजची गोष्ट शाळेतल्या प्रत्येकाला पाठ असते, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. मला तिच्यातला एक कोपरा मात्र फार आवडतो. सिराक्यूजच्या राजा हिएरोचा मुकुट, न्हाणीतलं सांडलेलं पाणी, ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराच्या ग्रंथातून, आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजनं स्वतः तरंगणाऱ्या वस्तूंवर लिहिलं, त्यात न्हाणीही नाही आणि मुकुटही नाही. आणि १५८६ साली बावीस वर्षांच्या गॅलिलिओनं लिहून ठेवलं की सांडलेलं पाणी मोजून एवढं बारीक काम होणार नाही. आर्किमिडीजसारख्या माणसानं वस्तू पाण्यात टांगूनच तोलली असणार. आमच्या गुजरीतल्या सोनारांनी केलं तसंच. मी एकदा वहीत हिशोब करून बघितला. एक किलोचा शुद्ध सोन्याचा मुकुट सुमारे ५२ घनसेंटिमीटर. त्यातलं तीनशे ग्रॅम सोनं काढून सोनाराने तेवढीच चांदी मिसळली तर सुमारे ६५. फरक १३ घनसेंटिमीटर. वीस सेंटिमीटर रुंद भांड्यात एवढ्यानं पाणी चढेल ते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. आणि पाणी काठावर फुगून राहतं, धातूला चिकटतं, शेवटचा थेंब पडायला तयार नसतो. त्या फुगवट्यात अख्खी चोरी लपून जाईल.

घरी येऊन मी चमच्यात पाणी घेतलं आणि ड्रॉपरनं २६ थेंब मोजले. पाटलीनं सारलेलं पाणी तेवढंच. चमचा पाव भागच भरला. आणि त्याच हातात कातडीखाली साठलेलं पाणी पाव लिटरच्या वर. मी तो चमचा बराच वेळ हातात धरून बसले होते. आई आतून विचारत होती, कसलं औषध घेतेस म्हणून.

फिजिओथेरपी रोज नव्हती, कोल्हापूरला रोज जाणं झेपणारं नव्हतं. पट्ट्या बांधायच्या, एकावर एक, बोटांपासून दंडापर्यंत. ते मी शिकून घेतलं. हलक्या हातानं कातडी सरकवत पाणी वर, खांद्याकडे न्यायचं, ते आई स्वतः करायची. तिच्या हाताला ते लगेच जमलं. पान्हा सोडवायला सडांवरून हात फिरवतात तशी तिची बोटं अलगद चालायची. मापाचा प्रश्न राहिला होता. तो तिनंच सोडवला. प्लंबरला बोलावून सहा इंची पीव्हीसी पाइपचा अडीच फुटी तुकडा घेतला, खाली झाकण चिकटवलं, वरच्या बाजूला भोक पाडून अर्ध्या इंचाचा वाकडा तुकडा बसवला. पहिल्या दिवशी झाकणातून गळला, पुन्हा चिकटवला. न्हाणीतल्या कट्ट्यावर तो पाइप उभा करायचा, खाली चरवी ठेवायची, आणि चरवीतलं पाणी आमच्या खुंटीवरच्या मापांनी मोजायचं. दोन लिटर, वर एक शंभरचं, आणि त्याच्याही वर उरेल ते खोकल्याच्या औषधाच्या प्लॅस्टिकच्या टोपणानं. मी म्हटलं, डिजिटल काटा आणूया, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, सोपं जाईल. ती म्हणाली, "सेल संपतोय त्येचा. मापाला काय हुतंय?" आकडा ती कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकोनात लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी.

काय काय पाण्यात मोजता येतं यावर आमच्या त्या न्हाणीत बऱ्याच गप्पा झाल्या. आल्याचा गड्डा येतो. गुळाचा खडा येत नाही, वाचेपर्यंत विरघळतो. वीट पाणी पिते, तिला मेण लावावं लागेल. पावाचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं की प्रयोगशाळेत पाव मोहरीसारख्या बारीक दाण्यांत गाडतात आणि बाहेर सांडलेले दाणे मोजतात. तिला ते इतकं आवडलं की दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती. "मव्हरीत गं. पाव."

आणि एका मंगळवारी मला कळलं.

मी पाइपमध्ये पाणी भरत होते, आई पट्ट्या सोडून बसली होती. सोडलेल्या पट्ट्यांचा ढीग तिच्या मांडीवर, कातडीवर पट्ट्यांचे वळ. ती उजव्या हातानं डाव्या कोपराखाली आधार देऊन बसली होती, जशी ती आता नेहमीच बसते, स्टँडवर, लग्नात, देवळात. मी कित्येक महिने ते बघत होते आणि ती तिची सवय झाली असेल असं धरून चालले होते. तिनं हात पाण्यात सोडला आणि उजवा हात आपोआप खाली आला, मांडीवर पडला. खांदे उतरले. मानेतली एक शीर सैल झालेली मला दिसली. सव्वादोन लिटर पाणी बाजूला सारलं गेलं होतं, म्हणजे हाताचं सव्वादोन किलो वजन पाण्यानं उचललं होतं. जवळजवळ सगळाच हात. वर्षभर रात्रंदिवस खांद्याला टांगलेलं ते ओझं त्या दोन-तीन मिनिटांपुरतं कुणीतरी खालून धरलं होतं. संस्थेतल्या नळीपासून सोनाराच्या पेल्यापर्यंत हा नियम मला तोंडपाठ होता. पाटली पाण्यात १.२९ ग्रॅमनं हलकी झाली हे मी काट्यावर वाचलं होतं. आणि ॲक्रिलिकच्या टाकीपाशी उभी राहून मी नळीकडे बघत होते, आकड्याकडे बघत होते. आईच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. घड्याळाकडे बघितलं होतं.

मी तिला काही बोलले नाही. काय बोलणार होते?

फरक आता कमी होतोय. ३१५ चा २७०, मग २४०, मध्ये एकदा शेतात खुरपायला बसली तेव्हा पुन्हा २९०, मागच्या महिन्यात २०५. पाटली सोनारांनी जोडून, पेच बसवून दिली आहे, म्हणजे लागेल तेव्हा उघडता येईल. ती कपाटात आहे. भुग्याची पुडीही तिच्याच डबीत आहे. डाव्या हातात घालायची नाही हे आम्हा दोघींनाही माहीत आहे, उजव्यात ती घालत नाही.

परवा मंगळवारी पाणी भरलं, थेंब थांबला, तिनं हात सोडला. नळीतून धार आली, बारीक झाली, तुटली. चरवीत दोन-चार थेंब टप टप पडले आणि मग न्हाणीत अगदी शांत झालं. बाहेर म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. आईनं डोळे मिटले होते. थोड्या वेळानं मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "थांबलं काय गं? वाच की आकडा."

नळी कोरडी होती.

"थांब," मी म्हटलं, "अजून ठिबकतंय."